मोटारीच्या टायरांची फेरपालट : समान झीज, आयुर्मान व सुरक्षितता

प्रस्तावना :

शेतीच्या व्यवहारात 'फेरपालट' हा शब्द महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे एकच पीक घेतल्यास जमिनीतील ठरावीक द्रव्येच सतत शोषली जातात, म्हणून पिकांचा क्रम बदलला जातो. मोटारीच्या टायरांनाही हेच तत्त्व वेगळ्या अर्थाने लागू पडते. मोटारीचे चारही टायर एकाच वेळी बसविले, एकाच रस्त्यावरून धावले आणि त्यांनी सारखेच अंतर कापले, तरी ते सारखे झिजत नाहीत. प्रत्येक चाकाच्या वाट्याला येणारे काम वेगळे असते व त्या कामानुसार झीजही वेगळी होते. ठरावीक अंतरानंतर टायरांच्या जागा पद्धतशीरपणे बदलणे, यालाच टायरांची फेरपालट किंवा गॅरेजच्या भाषेत 'टायर रोटेशन' असे म्हणतात.

या क्रियेमुळे टायरांचे आयुष्य वाढते, असे सर्वत्र सांगितले जाते. हे विधान खरे आहे, परंतु ते जितके सरळ वाटते तितके सरळ नाही. फेरपालटीने रबर वाढत नाही. मग आयुष्य नेमके कशामुळे वाढते, किती वाढते आणि केव्हा वाढत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. तसेच आयुर्मानाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांनी विषयाचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१) पुढील व मागील टायरांच्या असमान झिजेची कारणे स्पष्ट करणे.
२) फेरपालटीच्या प्रचलित पद्धती व त्यांमागील तत्त्वे समजावून घेणे.
३) फेरपालटीपासून होणारा लाभ व तिच्या मर्यादा उदाहरणांसह मांडणे.

टायर असमान का झिजतात :

मोटारीचा टायर रस्त्याला साधारणतः तळहाताएवढ्या भागावरच टेकलेला असतो. गाडीचे वजन पेलणे, इंजिनाची शक्ती रस्त्यावर उतरविणे, गाडी वळविणे आणि ती थांबविणे ही चारही कामे या चार लहान भागांमार्फतच होतात. ही कामे चाकांमध्ये कशी वाटली गेली आहेत, यावर झीज अवलंबून असते.

भारतातील जुन्या पिढीच्या मोटारी, उदाहरणार्थ २०१४ पर्यंत उत्पादनात असलेली अ‍ॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी, या मागच्या चाकांनी चालणाऱ्या होत्या. त्यांत शक्ती मागच्या चाकांना मिळे व वळण्याचे काम पुढची चाके करीत. कामाची काहीशी विभागणी झालेली असे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० या मोटारीने पुढच्या चाकांनी चालणाऱ्या लहान गाड्यांचा काळ भारतात खऱ्या अर्थाने सुरू केला. आज बहुसंख्य लहान मोटारींची रचना हीच असते. या रचनेत इंजिन व गिअरबॉक्स पुढे असल्याने वजनाचा मोठा भाग पुढच्या चाकांवर येतो, शक्ती तीच चाके घेतात, वळतातही तीच. ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकत असल्याने थांबविण्याचेही बहुतांश काम त्यांच्याकडेच जाते. मागची चाके प्रामुख्याने वजन पेलत मागोमाग येतात. त्यामुळे अशा मोटारीचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा बरेच लवकर झिजतात.

फरक केवळ झिजेच्या वेगाचा नाही, प्रकाराचाही आहे. वळण घेताना पुढच्या टायरांच्या कडांवर, म्हणजे खांद्यांवर, अधिक घासणी होते. घाटरस्त्यांवर किंवा शहरातील सततच्या वळणांवर हे विशेष जाणवते. याउलट मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत शक्ती घेणाऱ्या मागच्या टायरांचा मधला पट्टा जास्त झिजण्याकडे कल असतो. शक्ती न मिळणाऱ्या मागच्या टायरांवर काही वेळा नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच व दुसरी खाली, अशी करवतीच्या दातांसारखी झीज होते. अशा टायरावरून हात एका दिशेने फिरविल्यास गुळगुळीत व उलट दिशेने फिरविल्यास खरखरीत लागते. पुढे या झिजेतून गाडीत घरघर असा आवाज येऊ लागतो व पुष्कळदा तो बेअरिंगचा दोष समजला जातो.

फेरपालटीच्या पद्धती :

फेरपालट करताना टायर रिमवरून काढला जात नाही. संपूर्ण चाकच एका जागेवरून दुसऱ्या जागी बसविले जाते. त्यामुळे टायरची बाहेरची बाजू बाहेरच राहते. मात्र चाक डावीकडून उजवीकडे गेल्यास त्याची फिरण्याची दिशा उलटी होते. त्याच बाजूला पुढून मागे गेल्यास दिशा तीच राहते. या दोन साध्या गोष्टी लक्षात घेतल्या की पुढील पद्धतींचा अर्थ उलगडतो.

१) पुढच्या चाकांनी चालणारी मोटार : पुढची दोन्ही चाके त्याच बाजूला सरळ मागे नेतात. मागची चाके तिरकी पुढे येतात, म्हणजे मागचे डावे पुढे उजवीकडे व मागचे उजवे पुढे डावीकडे बसते. मागे करवतीसारखी झीज सुरू झाली असल्यास दिशा उलटल्याने व पुढे शक्तीचे काम मिळाल्याने ती सपाट होऊ लागते.

२) मागच्या चाकांनी किंवा चारही चाकांनी चालणारी मोटार : येथे क्रम उलटा असतो. मागची चाके सरळ पुढे आणतात व पुढची चाके तिरकी मागे नेतात.

३) दिशादर्शक नक्षीचे टायर : या टायरांच्या बाजूवर बाणाची खूण असते व त्याच दिशेने ते फिरणे अपेक्षित असते. त्यांची नक्षी पाणी बाहेर फेकण्यासाठी एका दिशेला अनुकूल केलेली असते. म्हणून ते केवळ त्याच बाजूला पुढून मागे व मागून पुढे बदलता येतात.

४) पुढे व मागे भिन्न आकाराचे टायर : काही वेगवान मोटारींत मागचे टायर अधिक रुंद असतात. त्यांची पुढे-मागे अदलाबदल शक्य नसते. नक्षी दिशादर्शक नसल्यास केवळ डावे-उजवे बदल करता येतो.

५) स्टेपनीसह पाच चाकांची फेरपालट : स्टेपनी इतर चार चाकांच्याच आकाराची व प्रकारची असल्यास तिलाही क्रमात घेता येते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत स्टेपनी मागे उजवीकडे, मागचे उजवे पुढे डावीकडे, पुढचे डावे सरळ मागे, मागचे डावे पुढे उजवीकडे आणि पुढचे उजवे स्टेपनीच्या जागी, असा क्रम ठेवता येतो. मात्र आजच्या अनेक मोटारींत स्टेपनी लहान आकाराची असते; ती केवळ तात्पुरत्या वापरासाठी असल्याने फेरपालटीत घेता येत नाही. २०२० मध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्ती संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्तीही राहिलेली नाही.

रेडियल टायर डावीकडून उजवीकडे कधीच बदलू नयेत, असा समज जुन्या चालकांमध्ये आढळतो. १९४६ साली मिशलिन कंपनीने पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेच्या आरंभीच्या टायरांबाबत असा सल्ला दिला जात असे. आधुनिक रेडियल टायरांना, ते दिशादर्शक नसल्यास, हे बंधन लागू नाही.

फेरपालट साधारणतः ८,००० ते १०,००० किलोमीटरनंतर करावी, असा सर्वसामान्य संकेत आहे. बहुतेक मोटारींच्या नियमित सर्व्हिसिंगशी तो सहज जुळतो. तथापि त्या त्या मोटारीच्या मार्गदर्शिकेत दिलेले अंतर व पद्धत हीच प्रमाण मानावी.

आयुष्य खरोखर वाढते का :

या प्रश्नाचे उत्तर गृहीत उदाहरणांच्या आधारे तपासता येईल. नव्या टायरच्या खाचांची खोली ८ मिलिमीटर मानली व १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा धरली, तर वापरण्याजोगी खोली ६.४ मिलिमीटर उरते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या एका गाडीचे पुढचे टायर दर ६,००० किलोमीटरला व मागचे दर १२,००० किलोमीटरला १ मिलिमीटर झिजतात, असे समजू.

फेरपालट न केल्यास पुढचे टायर ३८,४०० किलोमीटरवर संपतील. मागचे ७६,८०० किलोमीटरपर्यंत चालतील. म्हणजे ७६,८०० किलोमीटरसाठी पुढे चार व मागे दोन, असे एकूण सहा टायर लागतील. नियमित फेरपालट केल्यास प्रत्येक टायर सरासरीने दर ८,००० किलोमीटरला १ मिलिमीटर झिजेल व चारही टायर ५१,२०० किलोमीटरवर एकत्र संपतील. या हिशेबाने ७६,८०० किलोमीटरसाठी दीड संच, म्हणजे पुन्हा सहाच टायर लागतात. पुढच्या टायरांचे आयुष्य वाढले, पण मागच्यांचे तितकेच घटले. झीज टायरच्या संपूर्ण रुंदीवर सारखी असेल, तर फेरपालटीने टायरांची संख्या वाचत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु प्रत्यक्षात झीज संपूर्ण रुंदीवर सारखी नसते आणि खरा लाभ येथेच दडलेला आहे. टायरचे आयुष्य त्याच्या सर्वांत जास्त झिजलेल्या पट्ट्यावरून ठरते. मागच्या चाकांनी चालणाऱ्या एका गाडीत दर १०,००० किलोमीटरला पुढच्या टायरांचे खांदे १.६ मिलिमीटर व मधला पट्टा १.२ मिलिमीटर झिजतो, तर मागच्या टायरांत नेमके उलट घडते, असे मानू. फेरपालट न केल्यास चारही टायर ४०,००० किलोमीटरवर बाद होतील. मात्र पुढच्या टायरांच्या मधल्या पट्ट्यात व मागच्यांच्या खांद्यांत आणखी १.६ मिलिमीटर वापरण्याजोगे रबर शिल्लक असेल व ते वाया जाईल. फेरपालट केल्यास दोन्ही भाग सरासरी १.४ मिलिमीटर या दराने झिजतील व टायर सुमारे ४५,७०० किलोमीटर चालतील. येथे आयुष्यात सुमारे १४ टक्के वाढ होते आणि ती वाया जाणारे रबर उपयोगात आणल्यामुळे होते. थोडक्यात, दोन जागांवरील झीज जितकी भिन्न प्रकारची, तितका फेरपालटीचा लाभ अधिक.

दुसरा लाभ टायरच्या वयाशी संबंधित आहे. रबर वापरले नाही तरी ऊन, उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे कडक होते व त्याला भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत, असे सुचविले जाते. काही वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर ते बदलण्याचा सल्ला देतात, तर दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानली जाते. पहिल्या उदाहरणातील मोटार वर्षाला १०,००० किलोमीटर चालत असेल, तर फेरपालटीविना मागचे टायर साडेसात वर्षांहून अधिक काळ वापरात राहतील. खाचा शिल्लक असूनही ते वयामुळे बाद करावे लागण्याचा संभव आहे. फेरपालट केल्यास तेच टायर पाच वर्षांच्या आसपास पूर्ण वापरून होतात. विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारींच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांवरून त्याचे वय कळते. '२३२३' याचा अर्थ २०२३ या वर्षाचा २३ वा आठवडा.

सुरक्षिततेचा विचार :

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. ही मर्यादा ओळखण्यासाठी खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बदलणे अनिवार्य ठरते. परंतु कायद्याची मर्यादा गाठेपर्यंत टायर नव्याइतकाच सुरक्षित असतो, असे नाही. खाचांचे मुख्य काम टायर व रस्ता यांच्यामधील पाणी बाहेर काढणे हे आहे. खाचा उथळ झाल्या की वेगात असलेला टायर पाण्यावर तरंगू लागतो, स्टिअरिंग एकाएकी हलके वाटते आणि गाडी चालकाचे ऐकत नाही.

येथे एक व्यापक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दोनच नवे टायर घ्यावयाचे असल्यास ते पुढे बसवावेत, कारण काम पुढचीच चाके करतात, असे अनेकांना वाटते. टायर उत्पादकांचा सल्ला याच्या उलट आहे : अधिक खोल खाचांचे टायर मागेच बसवावेत. पुढच्या चाकांची पकड सुटल्यास गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ लागते. चालक वेग कमी करून तिला सहसा सावरू शकतो. मागच्या चाकांची पकड सुटल्यास मात्र गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो व ती स्वतःभोवती फिरते. पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणीसारख्या घाटातील वळणावर असे घडल्यास सावरण्यास ना वेळ असतो, ना जागा.

मग झिजलेले पुढचे टायर मागे नेणारी फेरपालट या सल्ल्याच्या विरोधात जात नाही काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. याचे उत्तर फेरपालटीच्या नियमिततेत आहे. पहिल्याच उदाहरणात दर ८,००० किलोमीटरला फेरपालट केल्यास पुढच्या व मागच्या खोलीतील फरक ०.७ मिलिमीटरच्या आसपासच राहतो व पुढील टप्प्यात तो भरून निघतो. फेरपालट न करता ३८,००० किलोमीटर उलटल्यास हाच फरक ३ मिलिमीटरच्या वर जातो. अशा वेळी उशिरा सुचलेली फेरपालट म्हणजे 'गोटा' होत आलेले टायर मागे नेऊन ठेवणे होय. म्हणून फेरपालट पहिल्यापासून करावी. फार उशीर झाला असल्यास ती न करता झिजलेले टायर बदलावेत व नवे मागे बसवावेत. चारही चाकांनी चालणाऱ्या मोटारीत तर टायरांच्या घेरातील फरकामुळे शक्ती वाटणाऱ्या यंत्रणेवरही ताण येतो. तेथे समान झीज ही यंत्राचीही गरज असते.

फेरपालटीच्या मर्यादा :

फेरपालट, बॅलन्सिंग व अलाइनमेंट या तीन भिन्न क्रिया आहेत. बॅलन्सिंगमध्ये चाकाच्या वजनातील असमतोल दूर केला जातो; अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन तपासले जातात; फेरपालटीत केवळ जागा बदलतात. टायर हा गाडीच्या प्रकृतीचा निदर्शक असतो. दोन्ही खांदे झिजले असल्यास हवा कमी असल्याचे, केवळ मधला भाग झिजला असल्यास हवा जास्त असल्याचे, एकच कड झिजली असल्यास चाकाचा कोन बिघडल्याचे आणि ठिकठिकाणी खळगे पडले असल्यास शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगमधील दोषाचे ते लक्षण समजावे. मूळ दोष दूर न करता फेरपालट केल्यास एका टायरचा आजार चारही टायरांना जडतो.

फेरपालटीनंतरची काळजीही तितकीच आवश्यक आहे. अनेक मोटारींत पुढचा व मागचा हवेचा दाब भिन्न असतो. म्हणून जागा बदलल्यावर, टायर थंड असताना, दाब पुन्हा जुळवावा. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, मार्गदर्शिकेत दिलेल्या बलाने आवळावेत व थोडा प्रवास झाल्यावर ते पुन्हा तपासावेत. दाब दर्शविणारी यंत्रणा असल्यास तिला चाकांच्या नव्या जागांची नोंद करून द्यावी. प्रत्येक वेळी चारही टायरांच्या खाचांची खोली मोजून किलोमीटरसह टिपून ठेवल्यास पुढील निर्णय अंदाजावर अवलंबून राहत नाही.

पर्यावरणाचा संदर्भ :

वापरलेल्या टायरांची विल्हेवाट हा गंभीर प्रश्न आहे. २०२२ मध्ये केंद्र शासनाने टाकाऊ टायरांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक व आयातदार यांच्यावर टाकणारे नियम लागू केले. टायरच्या झिजेतून सुटणारे कणही निरुपद्रवी नसतात. टायरमधील एका रसायनापासून तयार होणारे ६पीपीडी-क्विनोन हे द्रव्य कोहो सामन या माशांच्या मृत्यूस कारणीभूत ठरते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. फेरपालटीने ही झीज थांबत नाही. मात्र वापरण्याजोगे रबर शिल्लक असताना टायर कचऱ्यात जाणे निश्चितपणे कमी होते.

निष्कर्ष :

१) टायरांची असमान झीज हा टायरचा दोष नसून चाकांमधील कामाच्या विभागणीचा परिणाम आहे.
२) फेरपालटीने रबराची एकूण झीज घटत नाही, भिन्न जागांवरील भिन्न प्रकारची झीज एकमेकींना भरून काढते, म्हणून आयुष्य वाढते.
३) चारही टायरांची पकड जवळपास सारखी राहणे हा फेरपालटीचा सर्वांत मोठा लाभ होय.
४) फेरपालट नियमित असेल तरच ती हितकारक ठरते; दोषदुरुस्तीला ती पर्याय नाही.

समारोप :

फेरपालटीला नव्या यंत्राची गरज नाही, की मोठ्या खर्चाची. तिला लागतो तो नियमितपणा. गाडी विकत घेताना इंजिनाची शक्ती व इंधनाचा खप यांची बारकाईने चौकशी करणारा ग्राहक टायरांकडे बहुधा पंक्चर झाल्यावरच पाहतो. ज्या चार तळहातांएवढ्या जागेवर संपूर्ण कुटुंबाचा प्रवास टेकलेला असतो, त्या जागेकडे वर्षातून एकदा तरी वाकून पाहण्याची सवय लागणे, ही रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने लहान परंतु मोलाची सुरुवात ठरेल.